कुणबी नोंदींसाठी उघडलेले बस्ते १९४८ साठीही उघडा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे पालकमंत्री व जिल्हाधिकारी

महोदय,

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीचा बराचसा काळ अभिलेख कक्षात गेला. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले होते. त्यांनी लहानपणीच मला अलिफ-बे गिरवायला लावलं, म्हणून जुने कागद वाचता येतात. २०२३ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना बोलावणं आलं. खासरापत्रं, पाहणीपत्रकं, १९५१ ची नागरिकांची नोंदवही, कोतवालाकडची जन्ममृत्यूची पुस्तकं, जे जे कपाटांत होतं ते सगळं खाली उतरलं. पथकं हैदराबादला जाऊन आली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णयही निघाला.

आरक्षणाच्या प्रश्नावर मला इथे काही म्हणायचं नाही. पण पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांपर्यंत सरकारला पोचता येतं, आणि मनात आणलं तर फार लवकर पोचता येतं, हे त्या कामाने सिद्ध केलं. माझी मागणी त्याच कागदांविषयी आहे. १९४६ ते १९४९ या काळात मराठवाड्यातल्या गावागावांत काय घडलं, कोण मारलं गेलं, कोण गाव सोडून गेलं, कोणाचं घर जळालं, कोणी कोणाला लपवलं, याची गावनिहाय नोंद शासनाने करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. निजामाची सत्ता टिकवायला उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांच्या काळाचीही, आणि पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरलं त्यानंतरच्या दिवसांचीही.

शेवटचं वाक्य वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी आली असेल. म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

रझाकारी म्हणजे काय होतं हे आमच्या भागात कोणी पुस्तकातून शिकलं नाही. आमच्या आज्यांना स्वतःचं जन्मसाल ठाऊक नसायचं, पण "रझाकारीत हा पाळण्यात होता" हे पक्कं ठाऊक असायचं. आमचं घर तेव्हा रातोरात गाव सोडून बार्शीला गेलं. पेवातली ज्वारी पेवातच राहिली, जनावरांची दावी सोडून दिली, आजीने अंगावरचं तेवढं सोनं लुगड्याच्या ओच्यात बांधलं. परत आले तेव्हा वाड्याच्या भिंती उभ्या होत्या, माळवद जळून खाली आलं होतं. अशी कितीतरी कुटुंबं बार्शी, सोलापूर, पंढरपूरकडे आणि वरच्या अंगाला बुलढाणा, उमरखेडकडे गेली. ज्यांना निघता आलं नाही त्यांच्यातल्या अनेकांचं काय झालं हे सांगायला घरात कोणी उरलं नाही.

आणि ती राजवट काही रझाकार आल्यावरच जुलमी झाली नव्हती. बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू, कानडी, आणि कारभार सगळा उर्दूत. गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम असा, की सरकारच्या परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. राज्याचा मोठा मुलूख जहागिरदारांकडे, त्याशिवाय खुद्द निजामाच्या खासगीची म्हणजे सर्फ-ए-खासची गावं वेगळी. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला म्हणून त्यांना काढून टाकलं, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ ला, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांमध्ये मुलं घडवणारे स्वामी रामानंद तीर्थ अटकेत होते. पुढचे तेरा महिने आमच्या वाट्याला जे आलं त्यातून वसमतकडचे बहिर्जी, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके अशी माणसं पुढे आली. बिलोली भागातले गोविंदराव पानसरे तर त्याआधीच, १९४६ साली अर्जापूरला मारले गेले होते. सीमेवरच्या कॅम्पांतल्या पोरांनी करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळले, उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला. या लढ्याचा मला अभिमान आहे. त्याला देशाच्या इतिहासात अजूनही हवी तशी जागा मिळालेली नाही, ही तुम्ही दरवर्षी भाषणात मांडता ती तक्रार माझीही आहे.

हे सगळं तुमच्या भाषणात असतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला, इथे ते भाषण थांबतं आणि मग अनुशेष, सिंचन, रेल्वे यांच्या घोषणा सुरू होतात. पण आमची गावं १७ तारखेला थांबली नव्हती.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निघालं आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. रझाकार पळाले, निजामाचे पोलीस नाहीसे झाले, आणि कितीतरी गावांत काही आठवडे कायदा म्हणून काही उरलं नाही. त्या आठवड्यांत गावातल्या आणि बाहेरून आलेल्या टोळ्यांनी मुसलमान वस्त्यांवर हात टाकला. ज्यांनी रझाकारीत हात धुऊन घेतला होता त्यांच्यातले बरेच आधीच निसटले होते. सापडले ते तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन, मणियार, शिपाई. त्यांच्यातल्या किती जणांनी रझाकाराचा गणवेश अंगाला लावला होता हे कोणी विचारलं नाही. विहिरी भरल्या. बायकांनी विहिरी जवळ केल्या त्या वेगळ्या. ज्यांनी हे सांगितलं ते आमच्याच गावचे हिंदू म्हातारे होते, आणि सांगताना आवाज खाली जायचा.

हे नुसतं कानावर आलेलं नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी या तिघांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हैदराबाद राज्याचा दौरा केला. सोळापैकी नऊ जिल्ह्यांत ते फिरले, १०९ गावांतल्या पाचशेवर लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत जास्त फटका बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले, त्यात दोन आमचे आहेत: उस्मानाबाद आणि नांदेड. इतर दोन गुलबर्गा आणि बीदर. या चार जिल्ह्यांतच निदान १८ हजार, असं अहवाल म्हणतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले समितीला दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे सगळं सोडून पळाले होते. सैन्याच्या काही लोकांवर अहवालाने ठपका ठेवला आहे, आणि अनेक अधिकाऱ्यांनी निःपक्षपातीपणे माणसं वाचवली हेही नोंदवलं आहे. हा अहवाल सरकारने कधी छापला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहता येऊ लागला तो थेट २०१३ च्या सुमाराला.

त्या अहवालातला आकडा सरदार पटेलांना मान्य नव्हता. आजही अभ्यासकांत त्यावर वाद आहे. कोणी म्हणतं फुगवलेला, कोणी म्हणतं कमी धरलेला. मला तो वाद इथे मिटवायचा नाही, तीन माणसांनी तीन आठवड्यांत काढलेल्या अंदाजावरून तो मिटणारही नाही. पण आकडा वादाचा आहे म्हणून विषयच बंद करायचा, ही पद्धत आम्ही महसुलात कधी ऐकली नव्हती. बांधाचा वाद असला की मोजणी करतात. हा तर माणसांचा हिशोब आहे.

मोजणी न झाल्याने काय झालं आहे ते तुम्हाला मंत्रालयातून किंवा जिल्ह्याच्या कचेरीतून दिसत नसेल, तर कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर पोरांच्या हातातले मोबाईल बघा. एका पोराला सप्टेंबर आला की रझाकारांच्या अत्याचाराचे व्हिडिओ येतात, त्यात शेवटी आजच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलेलं असतं. दुसऱ्या पोराला लाखांचे आकडे घातलेले नरसंहाराचे संदेश येतात, त्यात रझाकारांचं नावही नसतं, जणू १३ सप्टेंबरच्या आधी इथे सगळं आलबेल होतं. दोघांच्या आजोबांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायलं असेल. दोघांनाही आपापल्या गावात खरोखर काय झालं हे ठाऊक नाही. ठाऊक असण्याची सोय तुम्ही केलेली नाही. निवडणूक आली की "रझाकार" ही शिवी होते, "निजामाची औलाद" ही घोषणा होते, आणि ज्या मुसलमान पोराच्या पणजोबांना रझाकारांनीच लुटलं असेल तोही ती मान खाली घालून ऐकतो.

असे मुसलमान होते. हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान आपल्या 'इमरोज' पत्रातून रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं, लिहिणारा हात तोडला. निजामाच्या महसूल खात्यातले फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ नोकरी सोडली. माझ्याच खात्यातला माणूस, म्हणून हे नाव मला विशेष जवळचं आहे. तहसीलचा शिक्का हातात असताना, चारी बाजूंनी बंदुका असताना राजीनामा लिहायला काय लागतं हे मी समजू शकतो. तुमच्या किती भाषणांत ही दोन नावं आली? हुतात्म्यांच्या यादीत हिंदू नावंच वाचली गेली, तर लढा दोन धर्मांचा होता असं पोरांना वाटलं तर त्यांची चूक काय?

उलट बाजूलाही एक गोष्ट सजवून सांगितली जाते, तिच्याबद्दलही मला स्पष्ट बोलायचं आहे. निजामाचं राज्य म्हणजे गंगा-जमनी सुवर्णकाळ, उस्मानिया विद्यापीठ, दवाखाने, धरणं, आणि भारताने येऊन ते स्वतंत्र राज्य गिळलं, असं हल्ली बरंच लिहिलं जातं. उस्मानिया होतं, मान्य. पण ते राज्य स्वतंत्र कधी होतं? १७९८ ला तैनाती फौज घेतल्यापासून निजाम इंग्रजांच्या छत्रीखाली उभा होता. वऱ्हाड त्यांच्या हाती देऊन बसला. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल सातव्या निजामाला "ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र" असा किताब मिळाला, आणि तो अभिमानाने मिरवला गेला. इंग्रज गेले तेव्हा प्रजेला विचारल्याशिवाय त्या राजाला स्वतंत्र व्हायचं होतं, एवढंच. आमच्या बापजाद्यांनी तुरुंग भोगला तो या राजाविरुद्ध. त्यांना मुसलमानांविरुद्ध लढायचं असतं तर त्यांनी स्टेट काँग्रेस कशाला काढली असती?

मग सगळं झाल्यावर कोणाला काय मिळालं ते बघा. निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, सन्मानाने. कासीम रझवी, लातूरचा वकील, ज्याच्या भाषणांनी हजारो घरं पेटली, काही वर्षं तुरुंगात राहिला, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला. फाटकी टोपी घालून बाजाराला जाणारा पिंजारी मात्र गावच्या विहिरीत गेला. लातूरचे कच्छी मुसलमान व्यापारी बुडाले. आणि गावोगावच्या ज्या हिंदू कुटुंबांनी रझाकारीत माणसं गमावली त्यांनाही पुढे काही मिळालं नाही. किती विधवांना कुठलीही पेन्शन लागू झाली नाही, कारण त्यांचे नवरे सत्याग्रही नव्हते, फक्त घरी होते म्हणून मारले गेले. त्यांची नावं कोणत्याच यादीत नाहीत. मी गावनिहाय नोंद मागतो ती त्यांच्यासाठीही आहे, हे ज्यांना माझ्या मागणीचा राग येतो त्यांनी लक्षात घ्यावं.

दलितांची गोष्ट तर या दोन्ही गोष्टींच्या खाली दबून गेली. औरंगाबादचे बी. श्यामसुंदर निजामाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र अस्पृश्यांना निजामाची साथ न देण्याचा इशारा दिला. दोन नेते, दोन वाटा, आणि मधे महारवाड्या. बीदर जिल्ह्यातल्या वरवट्टीला मल्लिकार्जुन खर्गे यांचं घर रझाकारांनी जाळलं, त्यात त्यांची आई गेली. २०२४ च्या आपल्या विधानसभा प्रचारात ते दुःख व्यासपीठावर ओढून आणलं गेलं, पण ज्या हजारो दलित घरांनी तेव्हा काय सोसलं ते विचारायला कोणी वस्तीत गेलं नाही. निजामाच्या काळात गायरानं कसणाऱ्यांना ॲक्शननंतर कोणी हुसकलं, १९५३ ला मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह का करावा लागला, याचा धागा १९४८ ला जोडून पाहिला तरच नीट दिसतो. १९७८ ला विद्यापीठ नामांतराच्या वेळी ज्या गावांत वस्त्या जळल्या, तिथे माणसं आधीही एकदा जळताना पाहिली गेली होती का, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलेला आहे. त्याचं उत्तर कागदाशिवाय देणं मला बरोबर वाटत नाही.

शेजारच्या राज्यांत काय चाललं आहे तेही तुम्हाला माहीत आहे. तोच १७ सप्टेंबर केंद्र सरकार मुक्तिदिन म्हणून पाळतं, तेलंगणात सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव होतो. त्या वादात आपण पडू नये. आपल्याकडे दिवसाच्या नावावरून भांडण नाही, हे आपलं भाग्य आहे, आणि म्हणूनच हे काम महाराष्ट्राला सगळ्यांत आधी करता येईल.

आता तुमच्या कचेरीत जे आक्षेप येतील, ते मला आधीच ऐकू येतात.

पहिला असा, की जुने घाव कशाला उकरायचे. घाव भरले असते तर मीही म्हटलं असतं, राहू द्या. पण ज्या घावावर दरवर्षी कोणी ना कोणी मीठ चोळतं तो भरलेला नसतो. मला भीती आहे ती उघड नोंदीची नाही, मोबाईलवर फिरणाऱ्या अर्ध्या गोष्टींची आहे. गावच्या नोंदीत जर लिहिलेलं असेल, की आधी अमुक महिन्यात रझाकारांनी इतकी घरं जाळली, नंतर अमुक दिवशी बाहेरच्या टोळीने इतकी माणसं मारली आणि अमुक आळीतल्या लोकांनी इतक्यांना वाचवलं, तर कुठल्याही पुढाऱ्याला त्या गावात येऊन अर्धीच गोष्ट सांगता येणार नाही.

दुसरा असा, की ॲक्शननंतरचं लिहिलं की रझाकारांचं समर्थन होतं. मी रझाकारीत घर जळालेल्या कुटुंबातला आहे. माझ्या आजीने जे भोगलं ते खरं ठरायला पिंजाऱ्याच्या बायकोचं भोगणं खोटं ठरवावं लागत नाही.

तिसरा कोणी मोठ्याने बोलणार नाही, पण खरा अडसर तोच आहे: जमीन. १९५४ च्या खासऱ्यात आधीची नावं जाऊन नवी आलेली ठिकठिकाणी दिसतात. त्यातली कितीतरी रीतसर खरेदीने बदलली, हे मला माहीत आहे. काही तशी बदलली नाहीत, हेही कोणापासून लपलेलं नाही. लोकांना वाटेल, ही नोंद झाली की उद्या सातबाऱ्यावर दावे पडतील. म्हणून शासन निर्णयातच स्पष्ट लिहा, की या नोंदीवरून कोणाच्या मालकी हक्कात बदल होणार नाही. इतक्या वर्षांनंतर, तीन-चार पिढ्या कसलेल्या जमिनीवरून गाव पेटवावं असं मलाही वाटत नाही. मला नाव हवं आहे, जमीन नको.

तसंच मारणाऱ्यांचं. त्यांची नातवंडं-पतवंडं आज त्याच गावात राहतात, त्यांनी काही केलेलं नाही. त्यांच्या गळ्यात आजोबांचा गुन्हा बांधू नका. टोळी कुठून आली, कोणाच्या चिथावणीने आली, गावातले की बाहेरचे, एवढं पुरे. मेलेल्यांची मात्र नावं पाहिजेत, बापाच्या नावासह, वस्तीसह, धंद्यासह. आणि वाचवणाऱ्यांची पाहिजेत. सुंदरलाल समितीला अशा जागा भेटल्या, जिथे हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू टोळ्यांपासून वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीवही दिले. ते विणकर कोणत्या गावचे? त्यांची नावं काय? एवढी मोठी गोष्ट मराठवाड्यातल्या एखाद्या गावात घडली असेल आणि त्या गावाला ती ठाऊक नसेल, याची मला लाज वाटते. त्यांच्या नावाने चौकात पाटी लागायला हवी होती.

काम कसं करायचं याची मला नोकरीमुळे थोडी कल्पना आहे. दर तालुक्याला एक छोटं पथक: एक उर्दू वाचणारा, एक महसूलचा जुना माणूस, गावाची बोली समजणारी एक बाई, कारण बायका पुरुष कारकुनासमोर या गोष्टी बोलणार नाहीत. हैदराबादच्या अभिलेखागारातले पोलीस आणि गृह खात्याचे बस्ते, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली, संस्थानांचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या केंद्रीय राज्य मंत्रालयाची कागदपत्रं, १९४१ आणि १९५१ च्या शिरगणत्या, कोतवाल बुकं, आणि १९४८ नंतर निर्वासितांनी घरी परतण्यासाठी आणि मालमत्तेसाठी केलेले अर्ज. यातले बरेचसे कागद कुणबी नोंदींच्या निमित्ताने धूळ झटकून एकदा बाहेर आलेच आहेत. पुन्हा बांधून माळ्यावर टाकण्याआधी त्यांचं स्कॅनिंग करून घ्या. मराठवाड्यातली विद्यापीठं आहेत, त्यांच्या इतिहास विभागांतले विद्यार्थी पीएचडीला विषय शोधत फिरतात, त्यांना एकेक महसूल मंडळ द्या.

आणि माणसं. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीकडे झुकलं आहे. कागद अजून शंभर वर्षं टिकतील, ही माणसं टिकणार नाहीत. म्हणून आधी त्यांच्याकडे जा. ज्याला दखनीत सांगायचं असेल त्याला दखनीत सांगू द्या, ज्याला मराठवाडी बोलीत सांगायचं असेल त्याला तसं. टेबलावरून प्रश्न विचारू नका, ओसरीवर बसा. आणि बाईटसाठी कॅमेरा घेऊन पुढारी सोबत येणार असेल, तर जाऊच नका.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर मी लातूर म्हणेन. रझवी त्याच गावचा, आणि ॲक्शननंतरची वीस दिवसांहून लांबलेली कत्तलही त्याच गावची. एका गावात दोन्ही गोष्टी इतक्या उघड आहेत, की कोणालाही आपल्या सोयीची अर्धी उचलून नेता येणार नाही. गंजगोलाईच्या आसपासच्या जुन्या वस्तीत अजून बोलणारी माणसं आहेत. पुढच्या १७ सप्टेंबरपूर्वी लातूर तालुक्याची पहिली यादी निघाली, तर पालकमंत्र्यांनी ध्वजारोहणानंतर तीच वाचून दाखवावी. दोन्ही काळांतली नावं, गावांप्रमाणे, एकाखाली एक.

कळावे,

आपला,
महसूल खात्यातून निवृत्त एक कर्मचारी
धाराशिव जिल्हा